आई म्हणावें कोणाला?

मराठी शाळेंत नव्यानें आलेल्या मुलास आम्ही मास्तर मंडळी जीं अक्षरें शिकवितों, त्यांत 'अ अननसाचा' आणि 'आ आईचा' हीं दोन अगदीं आरंभीं येतात. पैकीं अननस आमच्या औशाच्या मुलांनीं बहुधा चित्रांतच पाहिलेला असतो. त्यामुळें त्याविषयीं कोणाची तक्रार नसते. 'आ आईचा' म्हटलें कीं मात्र वर्गांत चुळबूळ सुरू होते. एकदां पहिलीच्या वर्गांत मीं सहज प्रश्न केला, "घरीं आईला काय म्हणून हांक मारतां?" त्या एका वर्गांतून मला नऊ निरनिराळीं उत्तरें मिळालीं. कोणी आई म्हणाला, कोणी माय, कोणी बाई, कोणी वहिनी, तर कोणी अक्का. मुसलमान घरांतील एक मुलगी अम्मा म्हणाली. लिंगायत वाण्याच्या मुलानें अव्वा असें सांगितलें. तांड्यावरून चालत येणारा बंजाऱ्याचा मुलगा याडी म्हणाला. आणि कचेरींतील एका कारकुनाच्या मुलीनें मोठ्या ऐटींत मम्मी असें उत्तर दिलें. चित्र एकच, पदर घेतलेल्या बाईचें. आणि नांवें नऊ!

आजच्या माझ्या भाषणाचा विषय हाच आहे. मी कोणी भाषापंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, आणि सेवानिवृत्त होईपर्यंत पहिली ते चवथीचे वर्ग शिकविले, एवढीच माझी योग्यता. परंतु इतक्या वर्षांत जें कानांवर पडलें आणि त्याविषयीं जें थोडेंफार वाचनांत आलें, त्यावरून माझें एक मत झालें आहे. तें असें कीं, आईला मारावयाच्या हांकेचा शब्द मूल निवडीत नाहीं, आणि बहुधा आईहि निवडीत नाहीं. तो घर निवडतें, आणि घर ज्या मुलखांत उभें असतें तो मुलूख निवडतो. म्हणूनच या एका लहानशा शब्दांत मुलखाचा इतिहास असतो, आणि त्या घरांत त्या बाईची जागा कोणती होती याचाहि इतिहास असतो.

प्रथम मुलखाचें पाहूं. लातुराहून दक्षिणेस सुमारें वीस किलोमीटरवर, तुळजापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें औसा आहे. गांवास भुईकोट किल्ला आहे, आणि त्यानें बहामनी राजवटीपासून आसफजाहीपर्यंत अनेक सत्ता पाहिल्या. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत होता, आणि कचेरीचें काम उर्दूंत चाले. आज लातूर जिल्ह्यांत मोडणारे उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपूर्वीं बिदर जिल्ह्यांत होते. बिदराकडून कानडी आमच्या दाराशीं येते, नांदेड जिल्ह्यांतील देगलूर-बिलोलीकडून तेलुगु येते, बाजारांत दखनी बोलली जाते, आणि माळावरच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी. अशा चव्हाट्यावर बसलेल्या गांवांत आईला नऊ नांवें असलीं, तर नवल तें काय?

या नवांतील सर्वांत जुना धागा माय या शब्दाचा. संस्कृत मातृ शब्द प्राकृतांतून झिजत झिजत मराठींत आला तो माय होऊन. तेराव्या शतकांत ऋद्धिपूरचे लोक महानुभावांच्या गोविंदप्रभूंना आपली माय आणि आपला बाप मानीत, असें त्या पंथाचे जुने गद्य ग्रंथ सांगतात. इ. स. १२९० मधल्या ज्ञानेश्वरींत माय आहे, माउली आहे; आणि पुढें तर लोकांनीं ज्ञानदेवांनाच माउली हें नांव देऊन टाकलें. एका पुरुषाला सातशें वर्षें आईच्या नांवानें हांक मारणारा समाज जगांत फारसा आढळावयाचा नाहीं.

आणि हा शब्द भाषेच्या किती खोल तळाशीं गेला आहे, तें पाहा. मुलीचें माहेर म्हणजे मूळचें मातृगृह, आईचें घर. मावशी म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण. आपण मायबोली म्हणतों, मायभूमि म्हणतों, मायलेकी म्हणतों, अर्ज करितांना सरकारास मायबाप म्हणतों. या ठिकाणीं आई हा शब्द घालून पाहावा; कानाला तो लागलाच खटकतो. म्हणजे जी मंडळी घरांत माय हा शब्द अडाणी म्हणून टाकून देतात, त्यांच्याहि तोंडीं तो दिवसांतून दहा वेळां येतच असतो; फक्त त्यांना तो ओळखूं येत नाहीं.

आई हा शब्दहि कांहीं कालचा नव्हे. आमच्या प्रदेशांत देव्यांच्या नांवांना तो चिकटलेला आहे. तुळजापूरची भवानी ही आई, आणि अंबाजोगाईच्या गांवाचें नांवच जोगाईवरून. वारकऱ्यांनीं विठ्ठलाची विठाई केली, मुक्ताबाईची मुक्ताई केली. शिवाजी महाराजांच्या मातोश्री आऊसाहेब म्हणून ओळखल्या जात, आणि जिजाऊ हें नांव आज घराघरांत आहे. विनोबांनीं आपल्या आईच्या इच्छेला स्मरून गीता मराठींत आणली व १९३२ सालीं ती प्रसिद्ध झाली, तेव्हां तिचें नांव त्यांनीं गीताई असेंच ठेविलें. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई १९३५ सालीं वारल्या. लक्षावधि लोक त्यांना रमाई म्हणतात. महाराष्ट्राबाहेरहि हा शब्द आहे. सौराष्ट्रांतील चारण लोक आपल्या देव्यांना आई म्हणतात. आणि पार पूर्वेकडे आसामांत मुलें आईला आई असेंच म्हणतात, हें ऐकून माझ्या विद्यार्थ्यांना मोठी गंमत वाटे.

महानुभावांच्या जुन्या ग्रंथांत स्त्रियांच्या नांवांना आइसा असें आदराचें शेपूट लागलेलें दिसतें: महादाइसा, उमाइसा वगैरे. त्यांत आउसा नांवाची एक साध्वीहि आहे. माझ्या गांवचें नांव औसा, आणि तिचें आउसा! परंतु नुसत्या ध्वनिसाम्यावरून गांवाची व्युत्पत्ति ठरवून मोकळें होणें हा आम्हां शाळामास्तरांचा जुना दोष आहे, म्हणून तो मोह मी येथें आवरतों.

मग माय मागें कशी पडली आणि आई पुढें कशी आली? माझ्या समजुतीप्रमाणें याचें उत्तर छापील पुस्तकांत आहे. क्रमिक पुस्तकें ज्या घरांतील भाषेनें लिहिलीं गेलीं, त्या घरांत आई हा शब्द होता. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. आचार्य अत्र्यांनीं १९५३ सालीं तिचा बोलपट काढला, आणि त्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. असें हें पुस्तक ज्या घरांत गेलें त्या घरांत आई या शब्दाला एक पावित्र्य आलें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु एका शब्दाला मान मिळाला, कीं दुसऱ्याचा अपमान करण्यास माणसें आपण होऊन पुढें सरसावतात. त्या माणसांत मीहि एक होतों; तें सांगितल्याशिवाय मला पुढें जातां येणार नाहीं.

मी नोकरीस नवा होतों, आणि शुद्ध भाषेचा अभिमान अंगांत फार होता. एका शेतकऱ्याचा मुलगा 'आ आईचा' ऐवजीं दर वेळीं 'आ मायचा' असें वाची. मीं त्याला वर्गासमोर उभें करून सांगितलें, "माय नव्हे, आई म्हण. घरींहि आईच म्हणत जा." मुलें हंसलीं. मला वाटलें, आपण आपलें कर्तव्य केलें. चार दिवसांनीं त्या मुलाची आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन शाळेच्या दाराशीं आली. भारा खालीं ठेवून ती म्हणाली, "गुर्जी, पोरगं चार दिस झालं मला हाकच मारंना. आई म्हनाया त्याची जीभ वळंना, अन् माय म्हनलं तर तुमी रागं भरताव म्हनतंय. मंग त्यानं मला म्हनावं तरी काय?"

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. मीं त्या मुलाला बोलावलें, सर्वांसमोर त्याची क्षमा मागितली, आणि फळ्यावर 'आई' या शब्दाशेजारीं 'माय' असें लिहिलें. पण त्या बाईच्या घरांतील ते चार दिवस मला परत देतां आले नाहींत. त्या दिवसापासून मीं कोणत्याहि मुलाची हांक दुरुस्त केली नाहीं.

आतां दक्षिणेकडून आलेल्या शब्दांकडे वळूं. अम्मा आणि अव्वा हे कानडी-तेलुगु मुलखाचे शब्द. कानडी खेड्यांत अव्वा म्हणजे आई. आणि हाच शब्द तेलुगु भाषेंत कोठें आईला तर कोठें आजीला लावतात. अशा शब्दांचा स्वभावच असा कीं, ते नात्यांच्या पायऱ्या चढतात आणि उतरतात. कानडींत ताई म्हणजे आई, आणि आपल्याकडे ताई म्हणजे थोरली बहीण. अक्का म्हणजे आपल्याकडे व कानडींतहि थोरली बहीणच. परंतु संस्कृतांत अक्का या शब्दाचा अर्थ आई असा आहे. पाणिनीनें आपल्या व्याकरणाच्या सातव्या अध्यायांत, आईवाचक शब्द हांक मारतांना कसे उच्चारावेत यासाठीं नियमच सांगितला आहे: शेवटचा दीर्घ स्वर ऱ्हस्व करावा. नंतरच्या वैयाकरणांनीं त्याचीं उदाहरणें दिलीं तीं अम्बा, अक्का आणि अल्ला या शब्दांचीं. म्हणजे अडीच हजार वर्षांच्या सुमारास होऊन गेलेल्या त्या महापंडितालाहि आईला अनेक नांवें असतात हें ठाऊक होतें, आणि त्यांपैकीं एकच शुद्ध असें त्यानें म्हटलें नाहीं. मीं मात्र म्हटलें होतें!

अम्मा या शब्दाची तर आमच्या गांवांत मौज आहे. दखनी बोलणाऱ्या मुसलमान घरांत मूल अम्मा म्हणतें, आणि त्याच बोळांत कानडी बोलणाऱ्या घरांतील मूलहि अम्माच म्हणतें. संध्याकाळीं एका दारांतून अम्मा अशी हांक आली, कीं दोन घरांतल्या बाया ओ देतात. जनगणनेच्या कागदावर त्यांची भाषा निराळी, धर्म निराळा. परंतु भुकेलेल्या मुलाच्या तोंडचा शब्द एकच.

याचें कारण रोमन याकोब्सन नांवाच्या भाषाशास्त्रज्ञानें १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत सांगितलें आहे. मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञानें जगांतील अनेक भाषांतून आई व बाप यांना मुलें म्हणतात ते १०७२ शब्द गोळा केले होते. त्यांवर हा विचार झाला. तान्हें मूल दूध पीत असतांना ओठ मिटलेले असतात, तेव्हां नाकांतून जो हुंकार निघतो तो म-काराजवळचा असतो. पुढें दूध हवें असलें कीं तेंच मूल तो ध्वनि काढतें, आणि मोठीं माणसें समजतात कीं तें आईला हांक मारीत आहे. म्हणून माय, अम्मा, मम्मी या शब्दांत म आहे. अर्थात् या नियमालाहि अपवाद आहेत. काकेशस पर्वताकडील जॉर्जियन भाषेंत मामा म्हणजे बाप, आणि आईला म्हणतात देदा. ध्वनि मुलाचा असतो. त्याचा अर्थ ठरवितात तीं मोठीं माणसें.

पश्चिमेकडे गेलें तर चित्र पुन्हां पालटतें. मालवणी बोलींत आईचा उल्लेख करतांना आवस म्हणतात, गोव्याच्या कोंकणींत आवय. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत पूर्वीं बापाला पाय आणि आईला माय म्हणण्याची रीत होती. त्यांतील पाय हा पोर्तुगीज शब्द. आणि माय हा आपला म्हणावा तर पोर्तुगीज भाषेंतहि आईचा शब्द जवळजवळ असाच उच्चारला जातो. परका कोणता आणि घरचा कोणता, हें त्या मुलाला कधींच विचारावें लागलें नसेल.

येथवर मुलखाचें झालें. परंतु एकाच गांवांत, एकाच जातींत, एकाच भाषेंत एक मूल आई म्हणतें आणि शेजारचें वहिनी म्हणतें, याची वाट मुलखाकडून लागत नाहीं. तेथें घराच्या आंत शिरलें पाहिजे.

पूर्वींचें एकत्र कुटुंब डोळ्यांपुढें आणा. घरांत आजी आहे. तिला तिचे सगळे मुलगे आई म्हणतात. तेव्हां आई हें पद भरलेलें असतें. तें रिकामें नसतें. थोरल्या सुनेला तिचे दीर वहिनी म्हणतात, पुतणे काकू म्हणतात. दिवसभर घरांत वहिनी, वहिनी असा एकच गजर चाललेला. तान्हें मूल जें ऐकतें तेंच बोलतें; तेव्हां तेंहि आपल्या जन्मदात्रीला वहिनी म्हणूं लागतें. कोणी तें दुरुस्त करीत नाहीं, कारण वडीलधाऱ्यांच्या देखत आपल्या मुलाला फार जवळ घेणें हेंच मुळीं सुनेला शोभत नसे. अशा रीतीनें कोणाची आई वहिनी झाली, कोणाची काकू झाली, कोणाची बाई झाली, तर माहेरच्या माणसांत वाढलेल्या मुलांची ताई किंवा अक्का झाली.

आतां त्या बाईच्या बाजूनें पाहावें. लग्नांत ताटांतील तांदुळांवर तिचें नवें नांव लिहिलें गेलें, आणि माहेरचें नांव तेथेंच संपलें. नवें नांव नवऱ्यानें चारचौघांत उच्चारावयाचें नाहीं, अशी चाल. तीहि नवऱ्याचें नांव घेई तें उखाण्यांतच. सरकारी कागदांत मुलाच्या नांवापुढें वल्द लिहून बापाचें नांव येई. बाईच्या नांवापुढें भ्रतार लिहून नवऱ्याचें. मूल आईचें आहे असें सांगणारा शब्द त्या कागदांत नव्हताच. मुलगा परगांवीं शिकावयास गेला, म्हणजे पत्रांत तीर्थस्वरूप मातुश्री असा भारदस्त मायना लिही. पण घरीं येऊन स्वयंपाकघराच्या दारांत उभा राहिला, कीं म्हणे वहिनी. म्हणजे या बाईला दोन नांवें असून तीं कोणी घेत नसे, आणि मुलाच्या तोंडून तिला जी हांक मिळे तीहि दुसऱ्याची उसनी असे.

हें मी पुस्तकांतून सांगत नाहीं. माझ्या आईला मी वहिनी म्हणत असें. वडिलांचे तीन धाकटे भाऊ घरांत होते. त्यांची ती वहिनी, म्हणून आम्हां भावंडांचीहि वहिनी. आई म्हणजे आमची आजी. मी मॅट्रिकच्या वर्गांत असतांना आजी वारली. मला वाटलें, आतां तें पद रिकामें झालें. आतां आईला आई म्हणावें. कांहीं दिवसांनीं मीं ओसरीवरून हांक मारली, "आई, पाणी दे." ती चुलीपाशीं होती. तिनें मान वर केली, आजीच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलें, आणि पुन्हां भाकरी थापूं लागली. ती हांक आपल्याला आहे असें तिच्या मनांतच आलें नाहीं. मी आंत जाऊन तिला सांगितलें, तेव्हां ती जरा हंसली आणि म्हणाली, "वहिनीच म्हण रे बाबा. आई म्हटलं कीं मला वाटतं, सासूबाईच हांक ऐकून येतील." पुढें ती असेतों मी वहिनीच म्हणत राहिलों. तिचें माहेरचें नांव मला कळलें तें ती गेल्यावर, मामांच्या तोंडून.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, वहिनी म्हटल्यानें प्रेम उणें होतें. तसें मुळींच नाहीं. मंगेशकर भावंडें आपल्या आईला माई म्हणत. सिंधुताई सपकाळांनीं सांभाळलेलीं शेंकडों अनाथ मुलें त्यांनाहि माईच म्हणत. सोलापूरकडील हन्नूर गांवचे शरणकुमार लिंबाळे यांनीं १९८४ सालीं 'अक्करमाशी' हें आत्मकथन लिहिलें. त्यांत आई मसामाय आहे आणि आजी संतामाय आहे. ज्या मुलाला बापाचें नांव लावण्यावरून जगानें छळलें, त्याच्या घरांत आईचें खरें नांव आणि माय हें पद एकाच हांकेंत जोडलेलें होतें. आमच्या पांढरपेशा घरांतील सुनांना तेवढेंहि मिळालें नव्हतें, हें मला तें पुस्तक वाचतांना जाणवलें.

आणखी एक आठवण सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे आमच्याच तालुक्यांतील किल्लारीला भूकंप झाला. आसपासचीं गांवें झोपेंतच गाडलीं गेलीं आणि हजारों माणसें मेलीं. पुढें एक बाई एका मुलाला घेऊन माझ्या शाळेंत नांव घालावयास आली. मीं त्याला विचारलें, "ही तुझी कोण?" तो म्हणाला, "ही आई." मग थोडें थांबून म्हणाला, "माय गेली. ही मावशी होती. आतां आई हाय." माय मरो आणि मावशी जगो, ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. त्या दिवशीं मला ती थट्टा राहिली नाहीं. त्या मुलापाशीं दोन शब्द होते म्हणून त्याला दोन आया ठेवतां आल्या; एकीची जागा दुसरीला द्यावी लागली नाहीं. भाषेनें दोन शब्द राखले ते कशासाठीं, असें कोणी विचारलें तर मी त्या मुलाकडे बोट दाखवीन.

आतां शेवटचा शब्द मम्मी. अनेक वडीलधाऱ्यांचा या शब्दावर फार राग आहे. इंग्रजी शाळांबरोबर तो शहरांतून आला, आणि आतां खेड्यांतूनहि ऐकूं येतो. मला त्याचें कौतुक नाहीं. पण ज्यानें एकदां माय हा शब्द खोडला, त्यानें दुसऱ्या शब्दावर काठी उगारावी हेंहि मला पटत नाहीं. उर्दूचा अंमल होता तेव्हां अम्मी हा शब्द कानांवर आला. इंग्रजीचा अंमल आहे म्हणून मम्मी आला. मूल कोणत्याहि राजवटीला वश नसतें. तें शेजारच्या घरांतलें ऐकून बोलतें.

माझा नातू पुण्यास असतो. तो आपल्या आईला मम्मा म्हणतो, आणि माझ्या पत्नीला आई म्हणतो! कारण उघड आहे. त्याचा बाप दिवसभर तिलाच आई म्हणून हांक मारतो. तेंच त्यानें उचललें. म्हणजे एकत्र कुटुंब मोडलें, चूल गेली, ओसरी गेली, पण जुना नियम तसाच राहिला: ज्या घरांत आई हें पद आजीनें भरलेलें आहे, तेथें सुनेच्या वांट्याला दुसरा शब्द येतो. आमच्या सूनबाईंनीं एकदां मला हंसत हंसत विचारलें, "बाबा, मला आई कधीं म्हणेल हा?" प्रश्न हंसत केलेला होता, परंतु चुलीपाशीं मान वर करणारी वहिनी मला त्यांत दिसली. मीं घरांत सर्वांना सांगितलें कीं, मुलाची हांक दुरुस्त करूं नका. पण त्याच्या देखत त्याच्या आईला तिच्या नांवानें हांक मारीत जा. तिला नांव आहे, हें त्याला लहानपणींच कळलें पाहिजे.

या बाबतींत सरकारी कागद २०२४ सालीं आमच्या घरांच्या पुढें गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं. १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचें नांव महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांत लिहितांना आधीं मुलाचें नांव, मग आईचें नांव, मग बापाचें आणि शेवटीं आडनांव, असा क्रम आवश्यक ठरला आहे. वल्द आणि भ्रतार यांच्या मुलखांत वाढलेल्या माझ्यासारख्या मास्तराला ही गोष्ट लहान वाटत नाहीं. शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकांत मीं हजारों मुलांचीं नांवें लिहिलीं, कितीएक मुलांना आईचें नांव विचारलें तर तीं गोंधळून म्हणत, "आईचें नांव आईच." त्यांचें उत्तर खोटें नव्हतें, पण तें पुरेसेंहि नव्हतें.

म्हणून, श्रोतेहो, आज हें भाषण संपल्यावर आपण एवढेंच करावें. आपल्या आईला आपण जें म्हणत असाल, माय, आई, अम्मा, अव्वा, याडी, बाई किंवा मम्मी, तेंच म्हणून तिला हांक मारावी. आणि ती हयात असेल तर, लग्नापूर्वीं तिला घरांत काय म्हणत, तें तिला विचारून घ्यावें. मीं तें विचारावयाचें राहून गेलें.